शाफ्टची गाडी घरी सांभाळताना: ऑइलची चिंता कमी करा, पाण्याची जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी २०१८ची बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस मोटारसायकल सेकंडहँड घेतली आहे. हिचं मागचं चाक चेनऐवजी बंद पाइपात फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरवतो. गाडी ४६,००० किमी चाललेली आहे. आधीच्या मालकाने ती लडाखला नेली होती, आणि हे स्वतः पावसाळ्यात गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जातात. सर्व्हिससाठी पुणं गाठावं लागतं. त्यांना चार गोष्टी हव्या आहेत: फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल घरी बदलता येईल का, कोणतं नि किती घालायचं, मागच्या वेळी ड्रेन प्लगवर काळपट लगदा निघाला तो वाईट की कसा, आणि थ्रॉटल सोडून परत दिला की मागून 'टक्' वाजतं ते शाफ्टचं दुखणं आहे का.

आधी सरळ उत्तरं देतो. ऑइल घरी आरामात बदलता येतं, पाऊण तासाचं काम आहे. लगदा बहुतेक करून निर्धोक आहे, पण तो बोटांत चोळून बघायचा असतो. कसा ते पुढे येईल. नुसत्या 'टक्'वरून शाफ्टला दोष देता येत नाही. आणि जे तुम्ही विचारलंच नाही तेच तुमच्या गाडीत सगळ्यात आधी बघायला हवं: स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या पोकळ दांडीच्या) आत, शाफ्टच्या भोवती, पाणी शिरलंय का.

शाफ्टला 'मेंटेनन्स नाही' असं विक्रीच्या वेळी सांगतात ते चेनच्या तुलनेत खरं आहे. चेन दर ५००-७०० किमीला पुसायची, ल्यूब मारायचा, ताण बघायचा, यातलं इथे काही नाही. पण चेन खराब झाली की डोळ्यांना दिसते, शाफ्ट मात्र पाइपात बंद असतो. तो बिघडतो तेव्हा बाहेरून गाडी चकचकीतच असते. बीएमडब्ल्यूनेसुद्धा २००४ नंतरच्या सुरुवातीच्या आर १२०० गाड्यांच्या फायनल ड्राइव्हमधलं ऑइल 'आयुष्यभर' पुरेल असं आधी सांगितलं. त्या ड्राइव्हच्या घरांना, म्हणजे बाहेरच्या कवचांना, खालून ड्रेन प्लगही नव्हता, ऑइल काढायला आख्खा ड्राइव्ह खाली झुकवावा लागायचा. पुढे तो 'आयुष्यभर' मागे घेऊन बदलण्याचं वेळापत्रक आलं आणि प्लगही आला.

तुमची गाडी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, म्हणजे २०१३ नंतरची रचना. हिच्यात शाफ्ट डावीकडे आहे. त्याआधीच्या जीएसमध्ये तो उजवीकडे असायचा. यूट्यूबवर बघून काम करणार असाल तर व्हिडिओतल्या गाडीचा शाफ्ट कोणत्या बाजूला आहे ते पहिलं बघा. उजवीकडे दिसला तर तो व्हिडिओ तुमच्या गाडीचा नाही, आणि त्यातले बोल्टचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

रचना डोळ्यांसमोर असली की पुढचं सोपं जातं. गिअरबॉक्समधून दात्यांचा एक दांडा बाहेर येतो, त्या दात्यांना स्प्लाइन म्हणायचं. त्यावर शाफ्टचं पुढचं टोक बसतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट असतो, म्हणजे ट्रकखाली दिसतो तोच फुलीचा जॉइंट, फक्त लहान. मागचं टोक पुन्हा स्प्लाइनने फायनल ड्राइव्हच्या पिनियनमध्ये घुसतं. फायनल ड्राइव्ह म्हणजे चाकाजवळचा अॅल्युमिनियमचा गोळा. त्यात पिनियन (लहान) आणि क्राऊन व्हील (मोठं) हे दोनच गिअर असतात नि फिरण्याची दिशा नव्वद अंशांत वळते. ऑइल असतं ते फक्त या गोळ्यात. शाफ्ट ज्या पोकळीत फिरतो ती कोरडी असते, आणि स्विंगआर्म व ड्राइव्ह यांच्या मधल्या सांध्यावर रबरी बूट असतो. या कोरड्या जागेत ऑइलही नको आणि पाणीही नको. ऑइल आलं तर पिनियनचं सील गेलं. पाणी आलं तर बूट फाटलाय, क्लॅम्प सैल आहे किंवा गाडी खोल पाण्यातून गेली आहे.

पाणी कसं शिरतं ते समजून घेतलंत तर कधी तपासायचं हे वेगळं सांगायला नको. गाडी तास-दोन तास चाललेली असते, स्विंगआर्ममधली हवा समजा ७० अंशांपर्यंत तापलेली असते. त्याच वेळी तुम्ही गुडघाभर ओढ्यात उतरता, पाणी १५ अंशांचं. एका मिनिटात आतली हवा आकसते, जवळजवळ एक षष्ठांशाने. ती जागा भरायला बाहेरून काहीतरी ओढलं जातंच. बूट धडधाकट असेल तर तो थोडा आत दबतो नि निभावून नेतो. क्लॅम्पखाली चिखलाचा कण अडकला असेल, तर तिथून पाणी आत येतं. मग ते आतच राहतं, कारण त्याला बाहेर जायला धड वाट नसते. दर राइडला तापतं, वाफ होते, रात्री परत थेंब होऊन जॉइंटच्या फुलीवर बसते. लडाखचे नाले यासाठी कुप्रसिद्ध आहेत, पण घाटात साचलेल्या पाण्यातून ८०च्या वेगाने जाणं नि घरी आल्यावर प्रेशर वॉशरची नोझल बुटावर धरणं हेही काही कमी नाही. प्रेशर वॉशर मला तरी ओढ्यापेक्षा जास्त गुन्हेगार वाटतो. ओढा वर्षातून चार वेळा लागतो, वॉशिंग सेंटर दर आठवड्याला.

म्हणून तुमच्या जागी मी नुसतं ऑइल बदलून थांबणार नाही. एक रविवार राखून ठेवा आणि दोन्ही कामं एकत्र करा: ऑइल काढा, ड्राइव्ह झुकवून शाफ्टचं मागचं टोक तपासा, परत बसवा, मग नवीन ऑइल भरा. क्रम हाच ठेवा, कारण ऑइल भरलेला ड्राइव्ह झुकवला तर ते ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भोकातून) बाहेर येऊ शकतं, आणि नव्या ऑइलची मोजणी तिथेच बिघडते.

ऑइलचं आधी सांगतो. तुमच्या रचनेला बीएमडब्ल्यू ७०डब्ल्यू-८० दर्जाचं हायपॉइड अॅक्सल ऑइल देते. जुन्या हवा-ऑइलने थंड होणाऱ्या जीएसला ७५डब्ल्यू-९० जीएल-५ चालायचं. मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच घ्या, 'उन्हाळा कडक आहे, थोडं घट्ट घालू' हा विचार सोडा. गिअर ऑइलचे आकडे इंजिन ऑइलच्या मापाचे नसतात. गिअर ऑइलचं ९० हे १०० अंशांवर साधारण इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकंच घट्ट असतं. त्यामुळे '९० म्हणजे मधासारखं' ही समजूत चुकीची, आणि 'घरात २०डब्ल्यू-५० पडलंय तेच घालू' ही त्याहून चुकीची. घट्टपणा जुळला तरी त्यात गिअरच्या दात्यांसाठी लागणारी रसायनं नसतात. इथे दाते एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साधी ऑइलची फिल्म फाटते, आणि मग गंधक-फॉस्फरसची रसायनंच धातूला वाचवतात. जीएल-५ म्हणजे तेच. बाटली उघडल्यावर नाकात जाणारा तो उग्र वास त्यांचाच.

प्रमाण १८० मिली, बस. या ड्राइव्हला लेव्हलचा प्लग नाही, मोजूनच घालायचं असतं. 'भोकातून सांडेपर्यंत भरा' ही इतर काही शाफ्टच्या गाड्यांची पद्धत इथे लावली तर जास्त ऑइल जाईल. तापल्यावर दाब वाढेल आणि चाकाच्या बाजूचं मोठं सील ओलं व्हायला लागेल. ते ऑइल पुढे रिमवर नि ब्रेक डिस्कवर जातं. कमी ऑइलपेक्षा जास्त ऑइलने गेलेली सीलं मी अधिक पाहिली आहेत.

मोजायला मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या. तीन पूर्ण सिरिंजा आणि चौथी ३० मिली. सिरिंज कोरडी असू द्या, पाण्याने धुऊन तशीच वापरू नका. बाकी सामान: प्लगच्या डोक्यात नेमकी बसणारी टॉर्क्स किंवा अॅलन बिट, दोन्ही प्लगच्या नवीन सील रिंगा, लहान मापाचा टॉर्क पाना, पांढरं सुती फडकं, आणि ऑइल धरायला स्वच्छ पांढरा प्लास्टिकचा डबा. डबा पांढराच हवा, कारण काळ्या ट्रेमध्ये ऑइलचा रंग वाचता येत नाही.

गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल आणि तळाला बसलेला कचरा त्यात मिसळेल. सपाट जागी सेंटर स्टँडवर घ्या. ड्राइव्हचं घर बाहेरून ब्रशने नि रॉकेलच्या फडक्याने पुसा, विशेषतः प्लगभोवती. नाहीतर प्लग सुटताच वाळूचे कण आत जातात. आता महत्त्वाचं: आधी वरचा, भरायचा प्लग सैल करा. तो सुटतोय याची खात्री झाली की मगच खालचा ड्रेन खोला. उलट केलंत आणि वरचा प्लग जाम निघाला, तर ऑइल डब्यात नि गाडी स्टँडवर, रविवारची संध्याकाळ नि सगळी गॅरेजं बंद. ऑइल गळायला वीस मिनिटं द्या, अधूनमधून मागचं चाक हाताने फिरवा. निघालेलं ऑइल सिरिंजने मोजून ठेवा. १७०च्या आसपास निघालं तर ठीक, थोडं आत चिकटून राहतंच. १२० निघालं तर ते कुठे गेलं ते शोधायचं, आणि २२० निघालं तर आधीच्या माणसाने जास्त घातलं होतं किंवा त्यात पाणी आहे.

आता तो लगदा. ड्रेन प्लगच्या टोकाला चुंबक असतो, आणि दात्यांची बारीक झीज त्यावर काळ्या-करड्या मलमासारखी जमते. अंगठा नि तर्जनीत थोडा घेऊन चोळा. काजळासारखा मऊ लागला, कण जाणवला नाही, तर निश्चिंत राहा. पहिल्या १,००० किमीच्या बदलात तो जास्त निघतो, पुढे कमी होत जातो. चोळताना वाळूसारखी किरकिर लागली तर फडक्यावर पसरून उन्हात धरा. चमकणारी सपाट खपली दिसली, नखाच्या कडेइतकी जरी, तर ती दात्याची किंवा बेअरिंगच्या पट्ट्याची आहे, आणि तिथे घरचं काम संपतं. ऑइलचा रंगही बघा: मधासारखा किंवा गडद तपकिरी चालेल, दुधाळ चहासारखा असेल तर पाणी गेलंय. दुधाळ निघालं तर नवं घाला, ३००-४०० किमी चालवा नि परत बदला. एका बदलाने आतलं पाणी पूर्ण निघत नाही. दुसऱ्यांदाही दुधाळ असेल तर ब्रीदर किंवा सील बघावं लागेल.

आता दुसरा भाग, शाफ्टचं मागचं टोक. यासाठी चाक काढावं लागतं. पाच बोल्ट आहेत, चाक उजवीकडे निघतं. चाक निघाल्यावर वजन पुढे जातं, म्हणून आधी पुढचा ब्रेक लिव्हर पट्ट्याने बांधून टाका आणि पुढच्या चाकाला ठोकळा लावा. मागचा कॅलिपर सोडून तारेने वर टांगा. तो होजवर लोंबकळता कामा नये, आणि तो सुटा असताना पॅडलला पाय लागता कामा नये. पिस्टन बाहेर आला की वेगळंच काम मागे लागतं. एबीएसचा सेन्सर नि त्याची वायर मोकळी करून बाजूला घ्या.

बुटाचा क्लॅम्प सोडायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा. बुटाच्या घड्या बोटाने उघडून आतल्या खाचेत तडा आहे का ते तपासा. तडा कायम खाचेच्या तळाला येतो, वरच्या फुगीर भागाला नाही. बुटाच्या खालच्या कडेला ऑइलचा ओलावा आहे का? तुम्ही राहता तिथे लाल माती घड्यांत भरलेली असणारच, ती ओल्या ब्रशने काढून टाका, नाहीतर बूट सरकवताना ती आत पडेल.

मग टॉर्क आर्म, म्हणजे पॅरालिव्हरची जोडदांडी, तिचा ड्राइव्हकडचा बोल्ट काढायचा. ड्राइव्हखाली लहान स्टूल नि त्यावर जाड गोणपाट ठेवा, कारण बोल्ट निघताच ड्राइव्ह आपल्या पिव्हटवर खाली झुकतो आणि शाफ्टचं टोक पिनियनमधून बाहेर सरकतं. बाहेर येण्याआधी दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. शाफ्टच्या दोन टोकांचे जॉइंट एकमेकांशी ठरावीक कोनात असतात. एक जॉइंट फिरण्याच्या वेगात जो चढ-उतार करतो, तो दुसरा पुसून टाकतो. मागचं टोक नुसतं बाहेर काढल्याने हा मेळ बिघडत नाही, पण हाताळताना शाफ्ट पुढूनही सुटून आला तर परत कसा बसवायचा हे खुणेशिवाय कळणार नाही. खूण फुकट असते.

शाफ्ट उघडा पडला की प्रथम खाली फडकं ठेवून स्विंगआर्मच्या तोंडात टॉर्च मारा. थेंब, ओल, गंजाचा ओघळ दिसतो का? मग स्प्लाइन. लाल भुकटी दिसली तर ती माती की गंज ते ओळखा: रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर माती फडक्यावर किरकिरते, गंजाची भुकटी मात्र बोटांना कुंकवासारखी रंगवते नि सहज निघत नाही. दाते कोरडे पडून एकमेकांवर सूक्ष्म हलत राहिले की ही भुकटी होते. पुसून झाल्यावर दात्याचा माथा बघा. चांगला दाता माथ्याला सपाट असतो. झिजलेला दाता एका बाजूने तिरपा होऊन करवतीच्या पात्यासारखा टोकदार दिसतो. नखाने दात्याच्या बाजूवर खाली-वर घासा. पायरी लागली तर झीज सुरू झालेली आहे. थोडी पायरी असेल तर ग्रीस करून पुढच्या तपासणीपर्यंत जाता येतं. करवत झाली असेल तर शाफ्ट बदला.

युनिव्हर्सल जॉइंटसाठी डोळ्यांपेक्षा हात उपयोगी. जॉइंटचं मागचं तोंड दोन बोटांत धरून हळूहळू चारही दिशांना झुकवा. चांगला जॉइंट लोण्यासारखा हलतो नि सोडलात की जवळजवळ स्वतःच्या वजनाने पडतो. खराब होऊ लागलेल्यात मधोमध, अगदी सरळ रेषेच्या आसपास, एक बारीक खाच लागते, जणू तिथे बसायची सवय लागलीय. लागलेलीच असते: गाडी बहुतेक वेळ त्याच कोनात चालते, आणि फुलीच्या सुईसारख्या रोलर बेअरिंगांनी त्या एकाच जागी पट्ट्यात खळगे पाडलेले असतात. खाच लागली, किंवा टोप्यांच्या कडेला लाल भुकटी दिसली, तर तो शाफ्ट परत बसवू नका. या शाफ्टच्या फुल्या वेगळ्या बदलायची कंपनीची सोय नाही. ट्रकच्या वर्कशॉपमध्ये ठोकून बसवून घेणारे आहेत, पण १५०च्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याचं बॅलन्सिंग तिथे कोण करून देणार?

पुढचा जॉइंट असा दिसत नाही. त्यासाठी शाफ्ट पूर्ण बाहेर ओढावा लागतो, तो गिअरबॉक्सकडच्या टोकाला अडकलेला असतो. मागचा स्वच्छ नि कोरडा निघाला तर पुढच्याला पहिल्यांदाच छेडायची गरज नाही. मागे पाणी दिसलं तर मात्र पुढचाही बघायलाच हवा.

सगळं ठीक असेल तर ग्रीस. इथे साधं व्हील बेअरिंगचं पिवळं ग्रीस चालत नाही, फिरताना ते फेकलं जातं. मोलिब्डेनम डायसल्फाइडचं प्रमाण खूप असलेली काळी पेस्ट लागते. होंडाची स्प्लाइनसाठीची पेस्ट 'मोली ६०' नावाने ओळखली जायची ती यातल्या ६० टक्क्यांमुळे. बाजारात 'मोली ग्रीस' म्हणून मिळतं त्यात बहुधा ३-५ टक्केच असतं, ते पेस्टच्या जागी वापरू नका. जुनं ग्रीस पूर्ण काढा, दात्यांवर ब्रशने पातळ थर द्या, धातूचा रंग जेमतेम झाकला जाईल इतकाच. चमचाभर कोंबलंत तर शाफ्ट आत सरकताना ते पिस्टनसारखं ढकललं जातं, पिनियनच्या तळाशी हवा कोंडते नि शाफ्ट पूर्ण बसत नाही. उरलेलं बुटात फेकलं जाऊन सीलवर बसतं.

परत बसवताना गाडी गिअरमध्ये ठेवा म्हणजे शाफ्ट फिरणार नाही. ड्राइव्ह वर उचलत चाकाचा हब हाताने थोडा मागेपुढे फिरवा, दाते जुळले की तो 'सरकन' आत जातो. जोर लावून, हातोडी मारून काहीही बसवायचं नाही. अडलं तर दाते जुळलेले नाहीत एवढंच. टॉर्क आर्मच्या बोल्टच्या आट्यांवर आधीपासून लॉकिंगचं द्रव्य लावलेलं असेल तर तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो, नवा आणून ठेवा. त्याचा टॉर्क तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या. बुटाची कड खाचेत चारी बाजूंनी बसलीय का ते आरशाने बघा. वरून दिसते, खालून सुटलेली असते, आणि पाणी खालूनच येतं.

मग ऑइल. ड्रेन प्लगचा चुंबक पुसून नवी रिंग, टॉर्क २० न्यूटन-मीटर. हे किती कमी आहे ते लक्षात यावं म्हणून सांगतो: ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सात किलोचा भार, एवढंच. गॅरेजात सवयीने याच्या दुप्पट आवळतात, आणि घर अॅल्युमिनियमचं असल्याने आटे प्लगचे जात नाहीत, घराचे जातात. चाकाचे पाच बोल्ट ६० न्यूटन-मीटर, फुलीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, आट्यांना ऑइल किंवा ग्रीस न लावता. बसण्याच्या सपाट जागा दोन्हीकडून पुसलेल्या हव्यात. जुन्या, २०११ पर्यंतच्या जीएसच्या मागच्या चाकाच्या फ्लँजला तडे जाण्यावरून रिकॉल झालेला आहे, तेव्हा 'जरा जास्त आवळलेलं बरं' हे इथे तरी नको. शेवटी गाडी हलवण्याआधी मागचा ब्रेक पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा.

'टक्' आवाजाकडे येऊ. गिअरमध्ये असताना थ्रॉटल बंद-चालू केला की गिअरबॉक्सचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे खुंट), क्राऊन-पिनियनमधली मोकळीक, शाफ्टची लवचीकता, सगळ्यांच्या मोकळ्या जागा एकामागून एक भरतात. बॉक्सरमध्ये (तुमच्या गाडीसारख्या, दोन सिलिंडर आडवे समोरासमोर असलेल्या इंजिनात) हा आवाज थोडा असतोच, आणि सेकंडहँड घेतलेल्याला तो नवा वाटतो. उपयोगी प्रश्न एकच: वाढतोय का? सेंटर स्टँडवर पहिला गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवा, टायरवर खडूने आणि स्विंगआर्मवर टेपने खूण करा, मोकळीक किती सेंटिमीटर ते मोजून मोबाइलमध्ये लिहा. पुढच्या ५,००० किमीला परत मोजा. आकडा तोच तर आवाज विसरा. कमी वेगात नसलेली पण ठरावीक वेगाला येणारी थरथर मात्र गांभीर्याने घ्या. सपाट रस्त्यावर त्या वेगाला क्लच दाबून गाडी वाहू द्या. इंजिन आयडलला असूनही थरथर तशीच राहिली, तर दोष टायर, चाक किंवा शाफ्टचा. चाक बॅलन्स करूनही गेली नाही तर शाफ्ट.

त्याच वेळी चाक १२ आणि ६च्या जागी धरून हलवा, मग ३ आणि ९च्या जागी. दोन्हीकडे खडखड लागली तर ड्राइव्हचं मोठं बेअरिंग, एकाच दिशेला लागली तर बहुधा पिव्हट. बेअरिंग बदलणं, क्राऊन-पिनियनच्या शिम (मधलं अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या) जुळवणं, पिनियनचं सील काढणं ही कामं घरी करू नका. शिमचा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. नवं बेअरिंग चुकीच्या प्रीलोडने (बसवतानाच्या दाबाने) बसवलं तर ते जुन्याच्या आधी जातं.

वेळापत्रक: ऑइल २०,००० किमी किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. बूट दर धुण्याला नजरेने. मागची स्प्लाइन नि जॉइंट दर दुसऱ्या टायरला मी सांगेन, पण पावसाळाभर कोकणात जाणाऱ्याने प्रत्येक मागच्या टायरबरोबर बघितलं तर उत्तम. चाक तेव्हा निघालेलंच असतं. खोल पाण्यातून गाडी गेली, एक्झॉस्ट बुडाला, तर किलोमीटर न मोजता त्याच आठवड्यात. शिवाय पाण्याने थंड होणाऱ्या बॉक्सरसाठी बीएमडब्ल्यूने शाफ्टची तपासणी आणि ६०,००० किमीला बदली अशी मोहीम आणलेली आहे. तुमची गाडी ४६,०००वर आहे, तेव्हा चासी नंबर देऊन डीलरकडे विचारा की तुमच्या गाडीवर काय झालंय, काय बाकी आहे नि त्यातलं काय फुकट आहे. आधीच्या मालकाने हे केलं असेल असं धरून चालू नका.

इतर शाफ्टवाल्यांसाठी दोन ओळी. तपासायची पद्धत तीच, आकडे वेगळे. २०१७पर्यंतच्या होंडा गोल्ड विंग जीएल१८००ला ऑइल बदलताना १२० मिलीच लागतं, आणि तिथे स्प्लाइनला पेस्ट लावायचा रिवाज दर मागच्या टायरला आहे. मोटो गुझी या इटालियन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांना लेव्हलचा प्लग असतो, त्यांनी सिरिंजवर नाही तर प्लगवर विश्वास ठेवावा.

काम झाल्यावर पहिल्या ५० किमीनंतर थांबून पांढऱ्या कागदाने दोन्ही प्लग, बुटाची खालची कड आणि चाकाच्या हबची आतली बाजू पुसा. कागद कोरडा आला तर पुसलेल्या जागांचे फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतील. ओला आला तर वास घ्या: उग्र गंधकाचा आला तर ऑइल गळतंय, तसा वास नसेल तर बहुतेक मघाशी वापरलेल्या पाण्याचा किंवा रॉकेलचा ओलावा आहे. तो पुसून आणखी ५० किमी चालवा नि परत बघा.